गाडी विजेवर आली, हिशेब डिझेलचाच राहिला

वाचकाचे पत्र, थोडक्यात: इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंनी लिहिले आहे. घरात पती, गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या वयस्कर सासूबाई आणि अकरावीतला मुलगा आहे. गेल्या दिवाळीत जुनी डिझेल गाडी विकून त्यांनी ४० युनिट क्षमतेच्या बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडी शहरात उत्तम चालते, पण घरातली शांतता गेली, असे ताई म्हणतात. पतीचे लक्ष सतत पडद्यावरच्या टक्क्यांकडे असते, भर उन्हातही ते एसी लावू देत नाहीत, आणि ताई स्वतः गाडी चालवत असूनही ‘आज नेऊ नकोस, चार्ज कमी आहे’ हे वाक्य त्यांना वारंवार ऐकावे लागते. नाशिकला भावाकडे पूर्वी पहाटे निघून दुपारच्या जेवणाला पोहोचत असत. नवी गाडी आल्यापासून एकदाही जाणे झालेले नाही. मल्टीच्या, म्हणजे त्यांच्या बहुमजली इमारतीच्या, पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नसल्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून खिडकीवाटे वायर खाली सोडली जाते, आणि आगीच्या भीतीने रहवासी संघाने त्यावर हरकत घेतली आहे. दीर म्हणतात, बॅटरी बसायच्या आत गाडी विकून टाका. ताई विचारतात, ‘आमचा निर्णय चुकला का? पुन्हा डिझेलकडे वळावे का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम आजच करा. खिडकीतून खाली सोडलेली ती वायर काढून घ्या आणि पुन्हा लावू नका. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली की ती सुमारे ३ किलोवॅट वीज ओढते, आणि तीही सलग दहा-बारा तास. गिझरही बरीच वीज घेतो, पण तो थोड्या वेळात बंद होतो. स्वयंपाकघरातले वायरिंग रात्रभराच्या भाराचा विचार करून केलेले नसते. त्यातच ती वायर सरकत्या खिडकीच्या चौकटीत दबत असेल, मध्ये कुठे एक्स्टेन्शन बोर्ड जोडलेला असेल आणि जोडावर पावसाचे थेंब पडत असतील, तर रहवासी संघाची भीती अनाठायी आहे असे मला म्हणता येणार नाही. पक्की सोय होईपर्यंत जवळच्या सार्वजनिक चार्जरवर गाडी चार्ज करून आणा. तिथला दर घरच्या दराच्या दुप्पट-तिप्पट पडतो, तो काही काळ सोसा.

आता तुमचा प्रश्न. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. इतक्या महिन्यांत गाडी वाटेत बंद पडली, कोणाला रस्त्यावर ताटकळत बसावे लागले, असा एकही प्रसंग त्यात नाही. एसी बंद राहिला, नाशिक राहून गेले, तुम्ही किल्ली हातात घेऊन परत ठेवली, हे सगळे गाडी बंद पडेल या धास्तीपोटी घडले. ती धास्ती मी कमी लेखत नाही, पण गाडी विकण्याचे कारण म्हणून ती मला पुरेशी वाटत नाही.

गाडी बदलली तेव्हा तुमच्या घरात आणखी एक बदल झाला, आणि माझ्या मते त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. डिझेल घराबाहेर मिळत असे. टाकी कधी भरायची, किती भरायची, गाडी लिटरला किती चालते, हे एकट्या यजमानांना ठाऊक असले तरी कोणाचे अडत नसे. काटा खाली आला की पाच मिनिटांत पंपावर काम होत असे. आता इंधन घरात येते, तुमच्याच मीटरमधून येते आणि हळूहळू येते. उद्या गाडी कोणाला हवी आहे, आज रात्री प्लग लावायचा की नाही, तो कोणी लावायचा, हे सगळे आता घरातल्या चौघांचे प्रश्न झाले आहेत. माहिती मात्र अजूनही एकाच माणसाकडे आहे. आपल्या इंदुरात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. नळ कधी येणार आणि टाकीतले पाणी कुठवर पुरेल, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असते, म्हणूनच कोणी टाकीपाशी उभे राहून दुसऱ्याच्या बादल्या मोजत नाही. तुमच्या यजमानांवर मात्र ही मोजणी एकट्याने करण्याची वेळ आली आहे.

त्यांच्याविषयी तुमच्या पत्रात थोडा रोष आहे, तो मी समजू शकते. तरीही त्यांच्या बाजूने एकदा पाहा. आईला घेऊन निघालेली गाडी पलासियाच्या चौकात बंद पडली, तर ‘मी सांगत होतो’ असे धाकटा भाऊ कोणाला म्हणेल? गाडीचा निर्णय त्यांनी पुढे होऊन घेतला असेल, तर प्रत्येक उतरत्या टक्क्यात त्यांना तो प्रश्न दिसत असणार. ते कंजूषपणा करत आहेत असे गृहीत धरून वाद घातलात तर उत्तरही पैशांच्याच भाषेत येईल. त्याऐवजी त्यांच्या डोक्यातला हिशेब कागदावर उतरवायला त्यांना मदत करा.

ते असे करता येईल. पडद्यावर ‘एवढे किलोमीटर बाकी’ असा जो आकडा दिसतो, त्याकडे काही दिवस दुर्लक्ष करा. नुकतीच गाडी कशी चालवली गेली यावरून तो अंदाज बांधला जातो, त्यामुळे उड्डाणपूल चढला, एसी वाढवला की तो खाली-वर होतो आणि मन विनाकारण धास्तावते. टक्के पाहा आणि नेहमीच्या फेऱ्यांना किती टक्के लागतात ते वहीत लिहा. साधारण अंदाज मी देते. अशी गाडी शहरात एका युनिटला सहा-सात किलोमीटर चालते, म्हणजे तुमच्या बॅटरीचा एक टक्का सुमारे अडीच किलोमीटर झाला. सुदामानगरातून राजवाड्याला जाऊन यायला पाच-सहा टक्के, खजराना गणपतीला त्याहून थोडे अधिक, उज्जैनला महाकालाचे दर्शन घेऊन घरी परत यायला निम्म्याच्या आसपास. तुमचे स्वतःचे आकडे मिळाले की ते एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि पार्किंगमध्ये पक्की सोय झाली की एकच नियम ठरवा: रात्री गाडी ४० टक्क्यांच्या खाली असेल तर प्लग लागेल, वर असेल तर कोणी विषय काढायचा नाही. प्लगचे काम मुलाकडे सोपवा. अकरावीतल्या मुलाला हे सहज जमते, आणि त्याला गाडीची जबाबदारी कळायलाही मदत होते. प्लग लावल्यावर अर्ध्या तासाने त्याने प्लगच्या मुखाला हात लावून पाहावा. कोमट लागले तर ठीक; हात ठेववत नसेल इतके तापले असेल, तर स्विच बंद करून सॉकेट बदलून घ्यायचे.

तुम्ही स्वतःही एखाद्या रविवारी यजमानांबरोबर शहरातल्या एखाद्या फास्ट चार्जरवर जा आणि सगळे काम आपल्या हाताने करा. ती केबल जाड आणि ताठर असते. प्लग आत शेवटपर्यंत ढकलून ‘खट्’ असा आवाज आला की तो नीट बसला असे समजायचे. ॲपमधून चार्जिंग सुरू करायचे, संपले की आधी ॲपमध्ये थांबवायचे, मग गाडीचे लॉक उघडून केबल ओढायची. हा क्रम चुकला की केबल सुटत नाही आणि माणूस घाबरतो. एकदा हे तुमच्या हातून झाले की ‘आज नेऊ नकोस’ या वाक्याला तुमच्याकडे शांत उत्तर असेल: लागलेच तर मी वाटेत चार्ज करून आणीन.

एसीबद्दल मला थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वाधिक खटकलेली गोष्ट ती आहे. उन्हात तापलेली गाडी थंड करताना एसी पहिली काही मिनिटे जास्त वीज घेतो. नंतर त्याचा खर्च तासाला एक-दीड युनिटच्या आसपास राहतो. तासाभराच्या फेरीत तीन-चार टक्के गेले, असे धरा. युनिटला ८ रुपये मोजले तरी ही रक्कम १२ रुपयांच्या पुढे जात नाही. हीच गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट, म्हणजे १२० रुपयांची वीज घेते. तुमच्या जुन्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी साडेपाच लिटर डिझेल, म्हणजे ५०० रुपयांच्या आसपास लागत असणार. शंभर किलोमीटरमागे पावणेचारशे रुपये वाचत असताना वैशाखातल्या उन्हात सासूबाईंना घाम पुसत बसवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, आणि हे यजमानांना आकडे दाखवून सांगा, म्हणजे ते नक्की ऐकतील. गाडीच्या ॲपमध्ये सोय असेल तर प्लग लावलेला असतानाच, निघण्याआधी दहा मिनिटे एसी सुरू करा. मग गाडी थंड करायची वीज भिंतीतून येते आणि बॅटरी भरलेलीच राहते.

आता मल्टीचा प्रश्न. यात थोडी कागदपत्रे करावी लागतील, पण तुमची बाजू भक्कम आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १४ जानेवारी २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत वाहनमालकाला घरच्या किंवा कार्यालयाच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा स्पष्टपणे दिली. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२४ च्या फेब्रुवारीत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते, आणि नवी जोडणी देण्याची मुदत महानगरांत तीन आणि इतर शहरी भागात सात दिवसांवर आणलेली आहे. तरीही संघाच्या बैठकीत नियमांचा कागद आपटू नका. शेजाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे राहायचे आहे, आणि त्यांच्या भीतीचे निरसन करणे हे त्यांना गप्प करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. २०२२ साली इलेक्ट्रिक दुचाकींना लागलेल्या आगींच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. चारचाकींसाठीचे सुधारित मानक, एआयएस-०३८, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, आणि तुमची गाडी त्यानंतरची आहे. हे सांगा, आणि त्याबरोबरच खिडकीतली वायर काढून टाकल्याचेही सांगा. संघाचा विश्वास बसायला या दुसऱ्या वाक्याचा उपयोग अधिक होईल.

संघाला द्यायच्या अर्जात मागणी नेमकी लिहा: माझ्या ठरलेल्या पार्किंगच्या जागी, माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चाने, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपमधून आणून, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) यांसह एक सॉकेट बसवू द्यावे. सामायिक मीटरला हात लागणार नाही, हे वेगळे लिहा. कारण अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ‘यांच्या गाडीची वीज आमच्या खिशातून’ ही शंका असते, ती कोणी उघड बोलून दाखवत नाही एवढेच. अर्जाआधी वीजबिलावरचा ‘स्वीकृत भार’, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर असलेली वीज, पाहा. तो कमी असेल तर तुमच्या भागातल्या वीज कंपनीच्या झोन कार्यालयात अर्ज करून वाढवून घ्या, नाहीतर गाडी, एसी आणि गिझर एकाच वेळी चालले की अडचण येईल.

अर्थिंगकडे विशेष लक्ष द्या. चार्जरच्या पेटीवर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला आणि गाडी चार्ज होईना, की लोक गाडीला दोष देतात. बऱ्याचदा इमारतीचे अर्थिंगच नावापुरते असते आणि चार्जर ते ओळखून वीज घ्यायला नकार देतो. रामबाग, मल्हारगंज भागातल्या जुन्या घरांत राहणाऱ्या वाचकांनी तर गाडी घेण्याआधीच इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. नवा अर्थिंगचा खड्डा करून घेणे गाडीच्या किमतीपुढे किरकोळ खर्च आहे आणि त्याने सगळ्या घराचीच सुरक्षितता वाढते. ज्यांच्याकडे पार्किंगची ठरलेली जागाच नाही, रात्री गाडी गल्लीत जागा मिळेल तिथे उभी राहते, त्यांना मी आज तरी इलेक्ट्रिक गाडी घ्या असे सांगणार नाही.

तुमच्या दिरांची बॅटरीविषयीची शंका चुकीच्या माहितीवर उभी आहे. बॅटरी एके दिवशी अचानक ‘बसत’ नाही. तिची क्षमता वर्षागणिक थोडी थोडी घटते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी असते. तुमच्या हमीपत्रात क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी जबाबदारी घेते, ते यजमानांनी एकदा वाचून दिरांना दाखवावे. बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हेही पाहा: एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) असेल तर अधूनमधून १०० टक्के चार्ज करायला पुस्तिकेतच सांगितलेले असते, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबलेले बरे. पूर्ण भरलेली गाडी दिवसचे दिवस उन्हात उभी ठेवू नका. दरम्यान, कोणत्याही गाडीची किंमत पहिल्या वर्षात सर्वाधिक घसरते, त्यामुळे आज विकलीत तर तोटा पूर्ण आणि लाभ अर्धवट, अशी स्थिती होईल. संघाने अर्ज, चर्चा आणि वीज कंपनीचा कागद यांनंतरही सॉकेट बसवू दिले नाही आणि जवळ सोयीचा चार्जरही नसेल, तर मात्र विकण्याचा विचार जरूर करा. रोज बाहेर जाऊन रांगेत उभे राहण्यात कोणाचेच सुख नाही.

राहिले नाशिक. तुमच्या प्रश्नातला खरा जीव मला इथेच दिसतो, कारण माहेरची वाट बंद झाल्यासारखे वाटणे ही टक्क्यांच्या पलीकडची गोष्ट आहे. ती वाट उघडी आहे. पूर्वीसारखे एका दमात मात्र जाता येणार नाही, हे आधीच मान्य करून निघा. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. महामार्गावर ताशी ८०-९० च्या वेगाने गेलात तर एका युनिटला सहा किलोमीटरच्या आसपास पडतात. वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि ते टक्क्यांत लगेच दिसते. १०० टक्के भरून राऊवरून निघा. मानपूरचा घाट उतरताना गाडी ब्रेकची ऊर्जा परत बॅटरीत घेते, तिथे टक्के जवळजवळ हलत नाहीत. खलघाटला नर्मदा ओलांडून पुढे सेंधवा, बिजासनचा घाट आणि शिरपूर, या पट्ट्यात पहिला थांबा ठेवा. तोवर गाडी २०-३० टक्क्यांवर आलेली असेल; ८० पर्यंत चार्ज व्हायला पाऊण तास ते एक तास लागतो. त्यापुढे चार्जिंगचा वेग मंदावतो, म्हणून १०० चा आग्रह धरून तिथे बसून राहू नका. दुसरा थांबा धुळे-मालेगाव पट्ट्यात, आणि तिथून चांदवड चढून नाशिक.

थांब्यांची निवड आदल्या रात्री दोन वेगवेगळ्या ॲपवर करा, दोन्हींत थोडे पैसे भरून ठेवा, आणि तुमच्या गाडीला लागणारा सीसीएस-२ हा फास्ट चार्जिंगचा प्लग तिथे आहे याची खात्री करा. लोकांनी ॲपवर अलीकडे लिहिलेले शेरे वाचले की कोणता चार्जर चालू आहे ते कळते. चार्जर बंद सापडणे अजूनही घडते, तेव्हा २० टक्के शिल्लक असतानाच पहिल्या थांब्यावर पोहोचा. त्यात आणखी ४०-४५ किलोमीटरवरचा दुसरा चार्जर गाठता येतो. परतीच्या वाटेवर एक गोष्ट लक्षात ठेवा. खलघाटपासून माळव्याच्या पठारावर येताना सुमारे ४०० मीटर चढायचे असते. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,८०० किलोच्या घरात जाते, आणि एवढे वजन तेवढे उचलायला दोन युनिट जादा लागतात, म्हणजे पाच-सहा टक्के. ते बाजूला ठेवून हिशेब केलात तर घाटात कोणाला पडद्याकडे पाहावे लागणार नाही.

दुपारच्या जेवणाऐवजी तुम्ही चहाच्या वेळेला पोहोचाल. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तसेही दर दोन तासांनी उतरून चार पावले चालणे गरजेचे आहे. पूर्वीच्या प्रवासात ते होत होते का, हे त्यांनाच विचारा. त्यांचा डबा, औषधे आणि बसायला एक घडीची खुर्ची बरोबर ठेवा, कारण प्रत्येक चार्जरपाशी सावली आणि बाक असतीलच असे नाही. पहिली फेरी उन्हाळ्यात आणि लग्नसराईच्या गर्दीत ठरवू नका. भावाला मात्र आत्ताच फोन करा आणि त्याच्या पार्किंगजवळ १५ अँपिअरचे सॉकेट आहे का, त्याचे अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यायला सांगा. तिथे रात्रभर गाडी चार्ज झाली, तर परतीच्या दिवशी निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असेल.